राजा, राजवाडा आणि तिकीट



ब्रिटनमध्ये राजेशाही ठेवावी की नको, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. त्यात गादीच्या बाजूने बोलणारे आता दैवी अधिकाराचे नाव काढत नाहीत. परंपरेचे काढतात, पण जरा ओशाळून. पर्यटनाचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज चढतो. लंडनला जगभरातून माणसे येतात, ती राजवाडा बघायला येतात, राजवाड्यात राजा आहे म्हणून येतात, सबब राजा देशाला परवडतो, असा हा हिशेब आहे. २०१७ साली ब्रँडचे मूल्य ठरवणाऱ्या एका कंपनीने राजघराण्यामुळे ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला सुमारे पावणेदोन अब्ज पौंडांची भर पडते असे जाहीर केले आणि या हिशेबाला आकड्याचे बळ मिळाले. सतराव्या शतकाच्या आरंभी गादीवर बसलेला पहिला जेम्स राजे हे पृथ्वीवर देवाचे प्रतिनिधी असतात असे लिहून गेला. त्याच गादीवरच्या आजच्या राजाला हॉटेलवाल्यांचा धंदा चालतो म्हणून राहू द्यावे असे जो म्हणतो, त्याला राजाचा कैवारी म्हणावे की छुपा विरोधक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण युक्तिवाद लोकप्रिय आहे, आणि आपल्याकडेही संस्थानिकांच्या वाड्यांविषयी बोलताना तो वेगळ्या पोशाखात भेटतो. म्हणून तो नीट तपासून पाहावा. माझे म्हणणे असे आहे की राजवाड्याच्या पर्यटनमूल्याचा राजा असण्यानसण्याशी संबंध फार थोडा आहे. तो संबंध राजवाड्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत आणि त्या वापरण्यावर कोणाचा वचक आहे, याच्याशी आहे.

सुरुवात बकिंगहॅम राजवाड्यापासूनच करू. ७७५ खोल्यांच्या या वास्तूत समारंभाची १९ दालने आहेत. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली तिथे राहायला आली आणि तेव्हापासून तो लंडनमधला राजनिवास आहे. ही दालने उन्हाळ्यात तिकीट काढून पाहता येतात, हे आज इतके अंगवळणी पडले आहे की ती प्रथा जुनी वाटते. प्रत्यक्षात ती १९९३ सालची आहे, आणि तिचा उगम पर्यटन खात्याच्या कुठल्याही योजनेत नाही. २० नोव्हेंबर १९९२ रोजी विंडसरच्या किल्ल्याला आग लागली आणि शंभरावर खोल्यांचे नुकसान झाले. किल्ल्याचा विमा नव्हता. दुरुस्तीचा खर्च सरकार करील असे संबंधित मंत्र्याने घाईने सांगितले आणि लोक उसळले. मंदीचे दिवस होते. राणी प्राप्तिकर भरत नव्हती आणि राजपुत्रांचे संसार रोज वर्तमानपत्रांत मोडत होते. जळलेले छप्पर आम्ही का शाकारायचे, हा प्रश्न राजनिष्ठ घरांतूनही विचारला गेला. आठवडा उलटायच्या आत राणी कर भरण्यास तयार असल्याचे पंतप्रधानांनी संसदेत सांगितले आणि पुढच्या उन्हाळ्यात बकिंगहॅमची दारे उघडली. पाच वर्षांनी विंडसरचे काम पुरे झाले तेव्हा खर्च साडेछत्तीस दशलक्ष पौंडांच्या घरात गेला होता. त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग बकिंगहॅमच्या तिकिटांतून आणि विंडसरच्या आवारातील प्रवेशशुल्कातून उभा राहिला. म्हणजे जो राजवाडा आज राजेशाहीच्या पर्यटनमूल्याचा मुख्य साक्षीदार म्हणून उभा केला जातो, तो दीडशे वर्षांहून अधिक काळ प्रजेला बंद होता, आणि तो उघडला गेला लोकांच्या रागामुळे. आणखी गंमत अशी की ही दालने मुख्यतः उन्हाळ्यातल्या दहाएक आठवड्यांपुरती उघडतात, कारण त्या काळात राजा स्कॉटलंडमध्ये बालमोरलला असतो. पर्यटकाला आत घ्यायचे तर यजमान बाहेर जावा लागतो.

इथे ब्रिटनमधले प्रजासत्ताकवादी लगेच व्हर्सायकडे बोट दाखवतात. सोळाव्या लुईला आणि त्याच्या कुटुंबाला ६ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या जमावाने व्हर्सायहून हलवले. त्यानंतर तिथे कोणताही राजा कायम राहिला नाही. तरी आज तो राजवाडा वर्षाला ऐंशी लाखांच्या आसपास माणसे पाहतात. लूव्र हाही मुळात राजवाडाच. त्याचे संग्रहालय म्हणून उद्घाटन १० ऑगस्ट १७९३ रोजी, म्हणजे राजेशाही कोसळल्याच्या पहिल्या वाढदिवशी, मुद्दाम योजून केले गेले. पेकिंगच्या राजप्रासादातून चीनचा शेवटचा सम्राट पुयी याला १९२४ साली बाहेर काढले आणि वर्षभरात तिथे संग्रहालय सुरू झाले. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडाही १९२४ पासून संग्रहालय आहे. राजा गेला, गर्दी वाढली. म्हणून राजाला घालवा, असे हे उत्तर. ते ऐकायला चुरचुरीत आहे, पण मला ते पुरते पटत नाही. व्हर्साय जवळजवळ वर्षभर उघडे असते आणि बकिंगहॅम दोन-अडीच महिने. या दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे बारमाही नदी आणि ओढा यांचे पाणी जुलैत मोजून ताडून पाहणे. शिवाय विंडसरचा किल्ला राजाच्या वापरात असूनही वर्षातला बराच काळ लोकांना खुला असतो आणि करोनापूर्वी तिथे वर्षाला पंधरा लाखांहून अधिक लोक जात, हेही विसरता येत नाही. उलट बाजूला लंडनचा टॉवर आहे. तिथे सतराव्या शतकानंतर कोणी राजा राहिलेला नाही, आणि तरी करोनापूर्व काळात त्याची गर्दी वर्षाला तीस लाखांच्या जवळ गेली होती. या आकड्यांतून एकच गोष्ट निश्चित निघते. जी वास्तू जास्त दिवस, जास्त खोल्यांसह, शहराच्या वाटेवर उघडी असते, तिथे माणसे जातात. आत राजा जेवतो आहे की त्याची मेणाची बाहुली बसवली आहे, याने फार फरक पडत नाही.

बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगचे उदाहरण तर दोन्ही पक्षांची पंचाईत करणारे आहे. हा एकलकोंडा राजा कर्ज काढून डोंगरावर नॉयश्वानस्टाइनचा परीकथेतला किल्ला बांधत बसला. तो कोणी पाहावा अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. १३ जून १८८६ रोजी तो तळ्यात मेलेला आढळला आणि सातच आठवड्यांत, १ ऑगस्टला, त्या अपुऱ्या किल्ल्याची दारे तिकीट लावून उघडण्यात आली. बव्हेरियात तेव्हा राजेशाहीच होती आणि पुढे १९१८ पर्यंत होती. दार क्रांतीने उघडले नाही, राजाच्या औदार्यानेही नाही. ते सावकारांच्या तगाद्याने उघडले. विंडसरची आग आणि लुडविगचे कर्ज शेजारी ठेवून पाहिले की राजवाडे केव्हा उघडतात याचे एक सूत्र सापडते: मालकाला एकट्याने खर्च झेपेनासा होतो आणि खर्च देणारा हिशेब मागू लागतो, तेव्हा.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की दगडमाती सगळीकडे असते, पण जिवंत सोहळा फक्त जिवंत राजेशाहीतच पाहायला मिळतो. पहारेबदल, राज्याभिषेक, शाही विवाह यांची नक्कल संग्रहालयाला करता येत नाही. यातला राज्याभिषेक प्रथम बाजूला काढू. ब्रिटनमध्ये तो १९५३ साली झाला आणि त्यानंतर २०२३ साली. सत्तर वर्षांतून एकदा येणाऱ्या पर्वणीवर कोणताही देश पर्यटनाचे धोरण आखत नाही. पहारेबदलाचे म्हणाल तर तो दिल्लीत राष्ट्रपती भवनासमोरही होतो आणि लोक तो पाहायला जातात. ते भवन ल्युटेन्सने ब्रिटिश सम्राटाच्या प्रतिनिधीसाठी बांधले, म्हणजे एका अर्थाने ते ब्रिटिश राजेशाहीचेच घर. आज त्याची दालने आणि बाग प्रजासत्ताकाचे नागरिक पाहतात. पण या आक्षेपाचे खरे उत्तर म्हैसूरला आहे. तिथला दसरा हा वाडियार राजांचा सोहळा होता. सोन्याच्या अंबारीत राजा बसे आणि हत्तीवरून मिरवणूक निघे. तनखे गेले, पदव्या गेल्या, आणि सत्तरच्या दशकापासून त्या अंबारीत राजाच्या जागी चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होऊ लागली. मिरवणुकीचा मार्ग तोच, हत्ती तसेच, वाड्यावरची हजारो दिव्यांची रोषणाई तीच. आता तो राज्य सरकारचा उत्सव आहे आणि त्याची गर्दी ओसरलेली नाही. वाड्यात वाडियार कुटुंब आपला खाजगी दरबार आजही भरवते, तोही लोकांच्या कुतूहलाचा विषय आहेच. सोहळ्याला केंद्र लागते हे खरे; त्या केंद्राला राज्यघटनेतले सर्वोच्च पद द्यावे लागते, हे म्हैसूरने खोटे ठरवले.

दुसरा आक्षेप याहून पुष्कळ वजनदार आहे, आणि प्रजासत्ताकवादी तो सहसा टाळतात. राजा जातो तेव्हा राजवाडा उरतो, पण त्याच्या आतले काय होते? इंग्लंडनेच हा प्रयोग एकदा करून पाहिला. ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉलमधल्या बँक्वेटिंग हाउससमोर पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. हा राजा चित्रांचा जाणकार होता. त्याने जमवलेला संग्रह युरोपातल्या अव्वल संग्रहांपैकी होता. नव्या सत्तेने तो विकायला काढला. त्यातली कित्येक चित्रे आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आणि माद्रिदच्या प्रादोमध्ये आहेत. जुने राजमुकुटही वितळवले गेले; टॉवरमध्ये आज जी राजचिन्हे दिसतात त्यांचा गाभा राजेशाही परतल्यावर, १६६१ च्या राज्याभिषेकासाठी, नव्याने घडवलेला आहे. दीडशे वर्षांनी फ्रेंचांनी तेच केले. व्हर्सायमधले सामान १७९३-९४ मध्ये लिलावात निघाले आणि क्रांतीनंतर फ्रान्सबाहेर पडलेल्या अशा उंची फर्निचरचे नि चिनी मातीच्या भांड्यांचे हौशी गिऱ्हाईक कोण, तर पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेला इंग्लंडचा युवराज. इंग्रजांनी राजाची चित्रे घालवली ती फ्रान्सकडे गेली, फ्रेंचांनी राजाच्या खुर्च्या घालवल्या त्या इंग्लंडकडे आल्या. आजचे व्हर्साय पुन्हा भरण्यासाठी फ्रान्सचे प्रजासत्ताक पिढ्यान्‌पिढ्या जुन्या वस्तू शोधून विकत घेत आले आहे. तेव्हा सातत्य हा राजेशाहीचा गुण आहे आणि पर्यटकाला त्याचा फायदा मिळतो, हे मान्य करायलाच हवे. मात्र ब्रिटनमधले आजचे सातत्य राजाच्या मर्जीवर उभे नाही. राजसंग्रह हा राजाने वारसांसाठी आणि राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून धारण केलेला आहे, तो त्याला विकता येत नाही. टॉवर आणि हॅम्प्टन कोर्टसारखे न नांदते राजवाडे १९९८ पासून एक स्वतंत्र धर्मादाय संस्था सांभाळते, आणि तिची भिस्त सरकारी अनुदानापेक्षा तिकिटांवर व देणग्यांवर आहे. सातत्य टिकले ते विश्वस्तपणाच्या कायद्याने. टॉवरच्या संग्रहात कोहिनूरही आहे, १८४९ साली पंजाबच्या अल्पवयीन महाराजा दुलीपसिंगाकडून घेतलेला; त्याला पर्यटनाच्या कोणत्या रकान्यात टाकायचे, हे हिशेबनीसांनी एकदा सांगावे.

भारताने या दोन्हींहून निराळी वाट धरली, आणि माझ्या मते आपल्या विषयाचा सगळ्यात रसाळ भाग इथेच आहे. १९४८-४९ च्या विलीनीकरणात संस्थानिकांनी राज्य सोडले आणि बदल्यात तनखे, पदव्या व खाजगी मालमत्ता यांची हमी घेतली. कोणता वाडा खाजगी आणि कोणता सरकारी, याच्या याद्या झाल्या. बहुतेक मोठे राजवाडे खाजगीच्या रकान्यात गेले. १९७० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. त्याला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. मग १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्या दोन्ही संपवल्या. वाडे मात्र जिथल्या तिथे राहिले. फ्रान्सने राजा आणि राजवाडा दोन्ही घेतले. ब्रिटनने राजा ठेवला आणि राजवाडा त्याच्या हातात राष्ट्राच्या वतीने दिला. आपण राजाचे राजेपण घेतले आणि राजवाडा त्याला खाजगी इसम म्हणून देऊन टाकला. त्याचा परिणाम दोन्ही टोकांचा झाला. काहींनी वाऱ्याची दिशा आधीच ओळखली होती: जयपूरचा रामबाग वाडा १९५७ सालीच हॉटेल झाला, उदयपूरचा तळ्यातला महाल १९६३ मध्ये. ग्वाल्हेरच्या जयविलास वाड्यात १९६४ साली संग्रहालय सुरू झाले. तिथे पाहुण्यांना ब्रँडी आणि चिरूट पोहोचवणारी चांदीची आगगाडी पाहायला आजही मुले ताटकळत उभी राहतात. जोधपूरचा उमेद भवन वाडा १९२९ पासून दुष्काळी काम म्हणून बांधला गेला. आज त्याच्या एका भागात कुटुंब राहते, एका भागात हॉटेल आहे आणि एका भागात तिकिटाचे संग्रहालय. या वाड्यांनी राजस्थानच्या पर्यटनाला रूप दिले यात शंका नाही. पण बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मदिनेसाठी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा अखेर कुठे गेला? खाजगी मालमत्ता म्हणून तो युरोपात पोहोचला आणि २००९ साली दोहाच्या लिलावात पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास किमतीला विकला गेला.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे सरकारने ताब्यात घ्यावे. सरकारी मालकीतल्या वास्तूंची अवस्था ज्यांनी पाहिली आहे ते ही सूचना इतक्या सहज करणार नाहीत. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावरचे संग्रहालय १९७२ पासून माजी संस्थानिकाने स्थापलेला न्यास चालवतो, आणि तिथली मांडणी व निगा कित्येक सरकारी संग्रहालयांनी जाऊन शिकावी अशी आहे. निजामाचे जडजवाहीर भारत सरकारने १९९५ साली सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले आणि ते देशाबाहेर जाण्यापासून वाचवले, हे उत्तम झाले. पण त्यानंतर ते रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या तिजोरीत गेले आणि त्याची मोजकीच प्रदर्शने झाली. गालिचा दोहाला विकला गेला काय आणि हार मुंबईत कुलपात राहिले काय, पाहणाऱ्याच्या बाजूने हिशेब सारखाच. तेव्हा मालक सरकार असावे की घराणे, या प्रश्नाने आपली सुटका होत नाही. तंजावरच्या भोसल्यांचे उदाहरण पाहा. त्या घराण्याची सत्ता १८५५ साली संपली. तरी सरफोजी राजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय फुटले नाही. १९१८ साली ते धर्मादाय निधीच्या कायद्याखाली सार्वजनिक झाले, आणि त्यातली मोडी कागदपत्रे आजही अभ्यासकाला तिथेच सापडतात. कायद्याने तिथे दोन बंधने घातली: संग्रह मोडायचा नाही आणि दार बंद ठेवायचे नाही. ती पाळली जात असतील तर वर मालक कोण, याची फिकीर मी करणार नाही.

महाराष्ट्रात हा विषय काढला की लोक कोल्हापूरच्या दसऱ्याचा दाखला देतात. तिथे छत्रपती घराण्याविषयीचा जिव्हाळा कोणत्याही कायद्याने आलेला नाही आणि १९७१ च्या दुरुस्तीने गेलेलाही नाही. त्याच घराण्यातले शाहू छत्रपती २०२४ साली मते मागून लोकसभेत गेले. जनता त्यांना मुजराही करते आणि बोटाला शाईही लावून घेते. चार्ल्स मँट या स्थापत्यकाराने बांधलेल्या तिथल्या नव्या राजवाड्यात वर कुटुंब राहते आणि खाली संग्रहालय आहे. सावंतवाडीच्या वाड्यात राजघराण्याने गंजिफा आणि लाखकामाची विझत आलेली कला पुन्हा उभी केली. तिथे पाहुणे उतरतात ते त्या कारागिरांच्या हातासाठीही. आणि ज्यांना राजा समोर हवाच असे वाटते, त्यांनी रायगडाचा विचार करावा. तिथे वाड्याची जोती तेवढी उरली आहेत. तरीही तिथली गर्दी कोणत्याही नांदत्या राजवाड्याला हेवा वाटावा अशी असते, आणि गड चढणाऱ्यांतले बहुतेक जण स्वतःला पर्यटक म्हणवून घेणार नाहीत. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत रायगड आहेच. पण मला इथे सांगायचे आहे ते औंधविषयी. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपला चित्रसंग्रह वाड्यात न ठेवता टेकडीवर वेगळी इमारत बांधून लोकांसमोर मांडला, आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभारही लोकांच्या हाती देणारी घटना मान्य केली. संस्थान विलीन झाल्यावर ते संग्रहालय राज्य सरकारकडे आले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे एक शिल्प त्यामुळे आजही सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. तिथे कोणाला आग लागण्याची किंवा सावकार दारात येण्याची वाट पाहावी लागली नाही.

सगळे राजे बाळासाहेबांसारखे नसतात, म्हणून कायदा लागतो. ब्रिटनमध्ये वारसाकरातून एखाद्या वाड्याला किंवा चित्राला सूट मिळते तेव्हा मालकाला लोकांना ते पाहू देण्याची अट पाळावी लागते. अट मोडली तर कर वसूल होतो. आपल्याकडे १९७१ मध्ये तनखे संपल्यावर प्राप्तिकर कायद्यात माजी संस्थानिकाच्या स्वतःच्या वापरातल्या एका राजवाड्याचे वार्षिक मूल्य करमुक्त ठेवण्याची तरतूद करण्यात आली. त्या सवलतीमागचा हेतू वाजवी होता, कारण एवढ्या वास्तूवर घरासारखा कर लावला असता तर कित्येक वाडे विक्रीला निघाले असते. पण बदल्यात काहीच मागितले गेले नाही. दरवाजा वर्षभर बंद ठेवणाऱ्यालाही सूट तेवढीच. वर्षातले ठरावीक दिवस दार उघडे ठेवणे आणि संग्रहाची यादी सरकारकडे नोंदवणे, एवढी अट त्या तरतुदीला जोडण्यासाठी घटनादुरुस्ती नको, राजेशाहीवर सार्वमतही नको. कोणत्याही वर्षीच्या वित्त विधेयकात ती एका कलमात बसते.